बीपी दंडात एक, घोट्यात दुसरं, शिरेत तिसरंच! असं कसं?

गोडोलीकर (सोमवार, रात्री 9:05)
नमस्कार मंडळी. एक प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. वडील 68 वर्षांचे, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. हल्ली चढाला लागले की त्यांची डावी पोटरी भरून येते, दोन मिनिटं थांबले की बरं वाटतं, परत चालले की परत तेच. आम्हाला वाटलं कंबरेतली नस दबली असेल. परवा डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी आधी दोन्ही दंडांत बीपी बघितलं, मग बाबांना झोपवून घोट्यांना पट्टा बांधला आणि पेनासारख्या एका यंत्रानं पायावरचा ठोका ऐकला, फुस्स फुस्स असा आवाज सगळ्या खोलीत येत होता. दंडात 150 आलं आणि डाव्या घोट्यात त्यापेक्षा बरंच कमी. मी म्हटलं बीपी तर सगळ्या अंगात एकच असतं ना? ते म्हणाले नाही ओ, जागोजागी वेगळं असतं. बाहेर एवढी गर्दी होती की पुढं विचारायचं राहूनच गेलं.

आणि दुसरं, मागं आईला सलाईन लावलं होतं तेव्हा बाटली संपली आणि रक्त नळीत वीतभर उलटं चढलं. मी घाबरलो तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या काही होत नाही, शिरेत प्रेशर नसतंच जवळजवळ. आता नसतंच तर रक्त चढलं कसं? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, साध्या भाषेत.

भडंगप्रेमी (9:11)
मला वाटतं पायात जास्तच असायला पाहिजे. टाकी गच्चीवर, नळ खाली, खालच्या नळाला धार जोरात.

हरिपूरकर (9:14)
+1. आणि सगळीकडं एकच असतं असं मला पण आत्तापर्यंत वाटत होतं.

द्राक्षबाग_तासगाव (9:40)
मी डॉक्टर नाही, 3 एकर द्राक्षं आहेत, पण माझ्या ड्रीपवरनं, म्हणजे ठिबक सिंचनावरनं, मला जे कळलंय ते सांगतो. माझ्या मोटरीपाशी प्रेशरचं घड्याळ अडीच किलो दाखवतं, फिल्टरच्या पुढं दोन, मेनलाईन सबमेन फिरून लॅटरलमध्ये, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीत, येईस्तोवर एक-सव्वा किलो राहतं. आणि ड्रीपरच्या तोंडाला काय? थेंब. बोट धरलं तरी जोर लागत नाही. म्हणजे शेवटचा किलोभर जोर त्या करंगळीच्या पेराएवढ्या ड्रीपरमध्ये जातो. आता कुणी म्हणालं बागेत प्रेशर किती, तर मी विचारणार कुठलं सांगू, मोटरीचं का लॅटरलचं का थेंबाचं? माझ्या अंदाजानं अंगात पण असंच असणार. दंडात मोजतात ते मेनलाईनचं. शिरेतलं म्हणजे ड्रीपरमधून पाणी बाहेर पडल्यावरचं.

सातारी_कंदी (9:44)
दादा, तुमच्याकडं शिकवणीच लावतो.

मिरजेची_सिस्टर (10:32)
ड्युटीवरून आले, उशिरा लिहितेय. मी 19 वर्षं आयसीयूत आहे. द्राक्षबागवाले दादांचा अंदाज अगदी बरोबर आहे आणि ते माझ्या डोळ्यांसमोर रोज दिसतं, कसं ते सांगते.

जास्त आजारी पेशंटला आम्ही दोन नळ्या घालतो. एक मनगटाच्या धमनीत, दुसरी मानेतल्या मोठ्या शिरेत, तिचं टोक पार हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी असतं. दोन्हीचं प्रेशर एकाच मॉनिटरवर दिसतं. धमनीची रेघ उड्या मारत असते, 120/80. त्याच्या खाली शिरेची रेघ, नुसती हलकी लाट, आकडा 5 नाहीतर 8. एकच माणूस, एकच रक्त, एकच क्षण, आणि दोन आकड्यांत एवढा फरक. नव्या मुली आल्या की मी त्यांना आधी या दोन रेघा दाखवते.

धमनीच्या नळीला जी सलाईनची पिशवी जोडतो ती नुसती टांगून चालत नाही. तिला पट्ट्याची पिशवी घालून 300 पर्यंत फुगवावी लागते. नाहीतर धमनीतलं रक्त सलाईनला मागं ढकलून नळीत येतं. शिरेतलं सलाईन मात्र स्टँडवर हातभर उंच टांगलं की आपसूक जातं, कारण समोरून विरोध फारसा नसतो. गोडोलीकर, तुमच्या आईचं रक्त वीतभर चढलं ते एवढ्यासाठीच की शिरेत प्रेशर थोडंसंच असलं तरी अगदी शून्य नसतं. हात खाली लोंबत असेल तर आणखी थोडं जास्त. बाटलीतलं पाणी संपलं, वरून दाबणारं काही उरलं नाही, म्हणून तेवढं चढलं आणि थांबलं. धमनीत सुई असती तर वीतभरावर थांबलं नसतं.

आणि तुमच्या वडिलांचे घोट्याचे नक्की आकडे किती होते? दोन्ही पायांचे वेगवेगळे हवेत. ते महत्त्वाचं आहे, विसरू नका.

गोडोलीकर (10:50)
ताई खूप आभार. आकडे कागदावर आहेत, कागद बाबांच्या कपाटात, ते झोपलेत. उद्या टाकतो.

फिजिक्सवाले_सर (मंगळवार, सकाळी 6:20)
चांगला धागा. आकडे मी देतो, म्हणजे चित्र पुरं होईल. सगळे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, निरोगी माणूस झोपलेला आहे असं धरून.

महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, 120/80, सरासरी साधारण 95. (सरासरी म्हणजे दोन्हींच्या मधला आकडा नाही, कारण हृदय आकुंचनापेक्षा विश्रांतीत जास्त वेळ असतं. खालच्या आकड्यात फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा.) तिथून मोठ्या धमन्यांतून मनगटापर्यंत, पायापर्यंत जाताना सरासरी फार तर 5-10 नं उतरते. मग येतात धमनिका, म्हणजे धमनीच्या शेवटच्या बारीक फांद्या, ज्यांच्या भिंतीत स्नायू असतो. इथं आत शिरताना 85 च्या आसपास असलेलं प्रेशर बाहेर पडताना 35 उरतं. पुढं केशवाहिन्यांत, म्हणजे धमनिका आणि शिरा जोडणाऱ्या सगळ्यात बारीक नळ्यांत, 35 चं 15 होतं, आणि सगळ्या शिरा ओलांडून हृदयाच्या उजव्या कप्प्यात येताना जवळपास शून्य. सगळ्यात मोठा उतार धमनिकांत आहे, लांबीनं त्या मिलिमीटरांत मोजण्यासारख्या असतात तरी.

याचं कारण त्रिज्या. नळीची त्रिज्या निम्मी केली तर विरोध दुप्पट होत नाही, चौपटही नाही, 16 पट होतो. पॉझय नावाच्या फ्रेंच माणसानं 19 व्या शतकात बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून हे शोधलं, आणि तो मुळात शरीरातल्या रक्ताचाच विचार करत होता. धमनिकेचा स्नायू जरा आवळला, जरा सैल झाला की विरोध केवढा बदलत असेल बघा. दादांचा ड्रीपर ठरलेला असतो, हा ड्रीपर मात्र शरीर स्वतः पिळतं आणि सोडतं. जेवलं की पोटाकडचे सैल, पळायला लागलं की पायाकडचे सैल, थंडीत कातडीकडचे आवळलेले. महाबळेश्वरला डिसेंबरात बोटं पांढरी पडतात ती यांच्यामुळं.

माणदेशी_पोरगं (7:02)
सर एक शंका. धमनिकेपेक्षा केशवाहिनी बारीक ना? मग 16 पटीच्या हिशोबानं सगळ्यात जास्त प्रेशर तिथं मरायला पाहिजे. द्राक्षबागवाल्यांचा ड्रीपर पण सगळ्यात बारीक असतोय.

फिजिक्सवाले_सर (7:25)
वा! हाच प्रश्न विचारायला पाहिजे. एकेकटी केशवाहिनी घेतली तर तिचा विरोध धमनिकेपेक्षा जास्तच. ती इतकी अरुंद की तांबडी पेशी वाकून, दुमडून पलीकडं जाते. पण एका धमनिकेतून केशवाहिन्यांचा अख्खा झुबका फुटतो आणि सगळ्या शेजारी शेजारी एकाच वेळी रक्त नेतात. टोल नाक्याला एकच अरुंद गेट ठेवलं तर रांग लागते, पण तसलीच शंभर गेटं उघडली तर लागत नाही. शिवाय केशवाहिनी आखूड असते, मिलिमीटरभरसुद्धा नाही. म्हणून एकूण विरोध धमनिकांचा जास्त.

हरिपूरकर (8:10)
मला हे वेगळ्या रीतीनं पटतंय. आमच्याकडं संगमाजवळ कृष्णेचं पात्र पसरलं की पाणी संथ होतं. केशवाहिन्यांत पण रक्त पसरतं, संथ होतं, म्हणून प्रेशर कमी. बरोबर ना?

फिजिक्सवाले_सर (8:31)
अर्धं बरोबर. संथ होतं हे खरं. महाधमनीत रक्त सेकंदाला वीतभर पुढं जातं, केशवाहिनीत मिलिमीटरभर जेमतेम. पण वेग आणि प्रेशर यांची गल्लत करू नका. पुढं शिरा एकत्र येत जातात, पात्र परत अरुंद होतं, तसा वेग परत वाढतो. प्रेशर वाढतं का? नाही, ते उतरतच जातं. वेग ठरतो एकूण रुंदीवर, आणि प्रेशर घटतं वाटेत घासून झालेल्या खर्चानं. खर्च झालेला परत येत नाही.

हरिपूरकर (8:35)
हा. कळलं आता. मला वर्षानुवर्षं हे दोन्ही एकच वाटायचं.

फळा_आणि_खडू (दुपारी 1:15)
आमच्या वेळी शाळेत रोहिणी आणि नीला म्हणायचे, आता मुलांना धमनी आणि शिरा शिकवते. मला अजून रोहिणीच आवडतं. असो, मुद्द्यावर येते. 26 वर्षं उभं राहून शिकवलं, दोन्ही पायांत शिरांच्या गाठी आल्यात, हिरव्या-निळ्या. शिरेत प्रेशर जवळपास नाहीच म्हणता, मग या शिरा फुगल्या कशानं?

मिरजेची_सिस्टर (2:05)
बाई, सरांनी लिहिलंय बघा, "झोपलेला आहे असं धरून". तिथंच सगळी गोम आहे. उभं राहिलं की हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटर रक्ताचा खांब उभा राहतो, त्याचं वजन खालच्या शिरेवर येतं. गप उभ्या माणसाच्या पावलाच्या शिरेत 90 पर्यंत प्रेशर जातं. भडंगप्रेमींचा टाकीचा नियम इथं लागू पडतो. पण चालायला लागलं की पोटरी शिरांना पिळून रक्त वर ढकलते, आतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत, आणि तोच आकडा 25-30 वर येतो. झडपा सैल झाल्या की चालूनही तो उतरत नाही, शिरा ताणत जातात. म्हणून एका जागी उभं राहणं वाईट, चालणं चांगलं. वर्गात फेऱ्या मारत शिकवा, बसलात की पाय उचलून ठेवा आणि पायाला दाब देणारे मोजे डॉक्टरांकडून माप घेऊनच आणा.

भडंगप्रेमी (2:20)
म्हणजे मी बरोबर होतो! मग गोडोलीकरांच्या वडिलांचं घोट्यात कमी कसं आलं?

मिरजेची_सिस्टर (2:24)
त्यांना झोपवून मोजलंय. झोपल्यावर हृदय आणि घोटा एका पातळीत, खांबच उरला नाही. आकडे येऊ द्यात, मग बोलू.

रोज_चालणारा (3:40)
यावरनं आठवलं. मनगटावरचं बीपी मशीन घेतलं, हात मांडीवर ठेवून मोजायचो, 150 च्या पुढं. तोच हात छातीशी धरला की 135. मी मशीन खराब म्हणून दुकानात भांडून आलो होतो. आत्ता कळलं. दुकानदाराची माफी मागायला जायला पाहिजे.

फिजिक्सवाले_सर (4:00)
हात हृदयाच्या खाली गेला की दर 10 सेंटिमीटरला साधारण 8 मिलिमीटर जास्त दाखवतं. तुमच्या मांडीचा हिशोब तंतोतंत जुळतो.

औषधवाला_कराड (संध्याकाळी 6:15)
मेडिकल दुकान आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ॲम्लोडिपीन ही बीपीची गोळी आपल्याकडं लई जणांना चालू असते. त्यातल्या काहींचे घोटे संध्याकाळी सुजतात. लोक येतात, किडनी गेली म्हणून रडकुंडीला आलेले असतात. एक मावशी तर महिनाभर मीठ सोडून बसल्या होत्या.

सरांनी जी धमनिका सांगितली तिलाच ही गोळी सैल करते, म्हणून बीपी उतरतं. पण ड्रीपर सैल केला की पुढच्या नळीत प्रेशर जास्त पोचणार. शिरेच्या बाजूच्या बारीक नळ्या तेवढ्या सैल होत नाहीत. मग मधल्या केशवाहिनीत प्रेशर वाढतं आणि तिच्या पातळ भिंतीतून पाणी बाहेर झिरपतं, ते घोट्यात साठतं. म्हणजे दंडातलं बीपी कमी झालंय आणि केशवाहिनीतलं वाढलंय, एकाच गोळीनं! मला हे कळलं तेव्हा दोन दिवस मी गिऱ्हाइकांना तेच सांगत होतो. पण हात जोडून विनंती, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा जोडीला दुसरी देतात. आणि सूज दुसऱ्या कारणानंही येते, किडनी, हृदय, थायरॉईड, ते डॉक्टरनीच तपासायचं.

द्राक्षबाग_तासगाव (6:50)
आईचे घोटे सुजतात! तीच गोळी आहे. उद्याच नेतो तिला. तुमचे उपकार झाले बघा.

जुनी_पानं (रात्री 8:30)
थोडं विषयांतर, चालवून घ्या. बीपी पहिल्यांदा कुणी मोजलं ते सांगतो. स्टीफन हेल्स म्हणून एक इंग्लिश पाद्री होता. त्यानं घोडीला आडवी बांधली, मांडीच्या धमनीत नळी घातली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त चढलं 8 फूट 3 इंच, आणि दर ठोक्याला वरखाली व्हायचं. 1733 साली त्यानं हे छापलं. दंडाला बांधायचा पट्टा आला थेट 1896 मध्ये, इटलीच्या रिवा-रोची यांचा, आणि स्टेथोस्कोप कानाला लावून वरचा-खालचा आकडा ऐकायची रीत 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी सांगितली. दंडातच का मोजतात, तर मोठी धमनी, हाडावर दाबता येते, आणि माणूस बसला की आपोआप हृदयाच्या पातळीत येते.

माणदेशी_पोरगं (8:41)
बिचारी घोडी.

फिजिक्सवाले_सर (9:05)
8 फूट 3 इंच म्हणजे पाऱ्यात 190 च्या आसपास. आपलं सरासरी 95 रक्ताच्या खांबात मोजलं तर सव्वा मीटर भरेल. लहान मुलाच्या उंचीएवढं कारंजं प्रत्येकाच्या छातीत आहे.

मिरजेची_सिस्टर (9:30)
दोन जागा राहिल्या, त्या मला फार आवडतात म्हणून लिहिते. पहिली फुप्फुसं. उजव्या बाजूचं हृदय तेवढंच रक्त फुप्फुसात पाठवतं, मिनिटाला 5 लिटर, पण प्रेशर फक्त 25/10. तिथल्या केशवाहिनीत 7-8. कमी असायलाच पाहिजे, कारण जास्त झालं की पाणी हवेच्या पुड्यांत झिरपतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरायला लागतो. रात्री 2 वाजता असे पेशंट येतात, उशीला टेकताच येत नाही त्यांना.

दुसरी किडनी. केशवाहिनीत प्रेशर कमी असतं हा नियम किडनी मोडते. तिथं केशवाहिन्यांच्या गुंडाळीच्या आधी पण धमनिका आणि नंतर पण धमनिका, दोन्हीकडून तोट्या. त्यामुळं आत 50-60 पर्यंत प्रेशर राहतं, त्याच जोरावर रक्त गाळलं जातं. म्हणून बीपी फार पडलं की लघवी थांबते, आणि वर्षानुवर्षं चढं राहिलं की ही गाळणी खराब होते. आम्ही लघवीची पिशवी तासातासाला का बघतो ते आता कळेल तुम्हाला.

गोडोलीकर (बुधवार, सकाळी 7:50)
कागद सापडला. उजवा दंड 150, डावा दंड 148. उजवा घोटा 156. डावा घोटा 108. सगळे वरचे आकडे.

मिरजेची_सिस्टर (8:20)
उत्तर या कागदातच आहे दादा. झोपलेल्या निरोगी माणसात घोट्याचा वरचा आकडा दंडाएवढा किंवा थोडा जास्तच येतो. तो जास्त येण्याचं कारण असं की ठोक्याची लाट पुढच्या फांद्यांवर आपटून मागं फिरते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते, म्हणून टोकाला उंच उडी दिसते. सरासरी मात्र कमीच असते. आता भागाकार करा. उजवा 156 भागिले 150, म्हणजे 1.04, उत्तम. डावा 108 भागिले 150, 0.72. 0.9 च्या खाली आलं की वाटेत धमनी अरुंद झालीय असं समजतात. मोठ्या धमनीत प्रेशर फारसं उतरत नाही असं सर म्हणाले ना, मग इथं 40 नं उतरलंय म्हणजे मेनलाईनीतच कुठंतरी कचरा अडकलाय. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून भरून येतं. थांबलं की पुरतं.

वडील तंबाखू, विडी?

गोडोलीकर (8:26)
विडी. 40 वर्षं.

मिरजेची_सिस्टर (8:40)
ती आधी बंद. आजपासून, रिपोर्टची वाट न बघता. आणि हे पायापुरतं समजू नका, एका धमनीत थर बसला तर हृदयाच्या, मेंदूच्या धमन्यांतही असू शकतो, म्हणून डॉक्टर कोलेस्ट्रॉल, साखर, ईसीजी बघतील. पावलाला जखम होऊ देऊ नका, अनवाणी फिरणं बंद. विश्रांती घेत असतानाही दुखायला लागलं, पाय गार पडला किंवा रंग बदलला तर थांबू नका, लगेच न्या. चालणं मात्र बंद करायचं नाही. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, डॉक्टरांना विचारून. त्यानं आजूबाजूच्या बारीक वाटा वापरात येतात आणि अंतर वाढतं.

गोडोलीकर (9:10)
ताई, मी बाबांना तुमचा मेसेज वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण विडीचं बंडल आईच्या हातात दिलं. शुक्रवारची वेळ घेतलीय.

सातारी_कंदी (9:30)
घरच्या मशीनचा पट्टा घोट्याला बांधून चालेल का? आईला शुगर आहे.

मिरजेची_सिस्टर (10:05)
घरच्या मशीनवर भरवसा ठेवू नका, तो फुस्स आवाजवाला प्रोबच पाहिजे. शुगरच्या जुन्या पेशंटमध्ये धमनीची भिंत चुन्यासारखी कडक होते, पट्ट्यानं दबत नाही, मग आकडा खोटाच जास्त येतो, 1.4 च्या वर. तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजतात. घरी एवढं करू शकता, पावलावर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधून सरळ वर या, दोन बोटं हलकी टेकवा, ठोका लागतो. नाही लागला तर आतल्या घोट्याच्या मागं बघा. काही चांगल्या माणसांनाही वरचा लागत नाही, लगेच घाबरू नका. दोन्ही जागी ठोका नसेल तर दाखवा.

द्राक्षबाग_तासगाव (रात्री 8:15)
आईला दाखवून आणलं. लघवी, रक्त तपासलं, किडनी चांगली आहे. गोळी बदलून दिलीय, 15 दिवसांनी परत बोलावलंय. आणि आत्ता सगळं घर एकमेकांच्या पावलांवर बोटं ठेवून बसलंय. आईचे दोन्ही लागले. माझा डावा काही केल्या लागेना, शेवटी धाकट्या पोरीनं शोधून दिला, जरा बाहेरच्या अंगाला होता.